मुखपृष्ठ आणि भित्तिपत्रक कसें घडतें

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



ज्या वस्तूंविषयीं आज बोलावयाचें आहे त्या सर्व डोळ्यांनीं पाहावयाच्या, आणि माझ्या हातीं साधन तेवढें आवाजाचें. विषय सुचविण्यांत आला तेव्हां ही अडचण मीं बोलून दाखविली होती. मागाहून विचार करतां ती वाटली तितकी मोठी दिसेना. पुस्तकाचें मुखपृष्ठ काय किंवा समारंभाचें भित्तिपत्रक काय, त्याचा बहुतेक भाग कुंचला ओला होण्यापूर्वींच घडून गेलेला असतो. तो भाग विचाराचा आहे, आणि विचार सांगतां येतो.

प्रथम माझा अधिकार सांगून टाकतों, म्हणजे कोणाची फसगत होणार नाहीं. मी चित्रकार नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाची सनद घेतली आणि उभा जन्म एका शाळेंत मराठी व भूगोल शिकविण्यांत घालविला. फळ्यावर नकाशा काढतांना माझी कोंकणची किनारपट्टी नेहमीं गुजराथेंत घुसत असे. यावरून हात कसा असेल तें ओळखावें. परंतु २०१३ सालीं आमच्या शाळेस शंभर वर्षें पूर्ण झालीं. शतकमहोत्सवाची स्मरणिका व भित्तिपत्रक करवून घेण्याचें काम समितीनें माझ्या गळ्यांत घातलें, आणि त्या निमित्तानें या धंद्यांतील एक व्यक्ति काम करतांना मला जवळून पाहावयास मिळाली. ती आमचीच माजी विद्यार्थिनी. मुंबईस उपयोजित कला शिकून ती तेथेंच पुस्तकांचीं मुखपृष्ठें आणि नाटकांचीं, गाण्याच्या बैठकींचीं भित्तिपत्रकें करीत असे. अशा व्यक्तीस हल्लीं ग्राफिक डिझायनर म्हणतात.

पहिल्या भेटीस मी जय्यत तयारीनें गेलों होतों. पिशवींत संस्थापकांचें छायाचित्र, इमारतीचें छायाचित्र, सरस्वतीचें एक चित्र, देणगीदारांची यादी आणि पाहुण्यांचीं चौदा नांवें. तिनें पिशवी आदरपूर्वक बाजूस ठेविली आणि उलट मलाच प्रश्न घालावयास सुरुवात केली. पूर्वीं मीं तिला बरेच प्रश्न घातले असल्यामुळें ही फेड असावी. ‘गुरुजी, हा कागद लागणार कोठें?’ मीं सांगितलें, मुख्यतः एस. टी. च्या स्थानकावर व बाजाराच्या चौकांत. ‘पाहणारा किती लांबून पाहील? उभा असेल कीं चालत असेल? त्याला घाई असेल का? आणि घरीं जाऊन त्यानें एकच गोष्ट सांगावयाची, तर कोणती सांगावी असें तुम्हांला वाटतें?’ मी म्हणालों, ‘शाळेचा उज्ज्वल इतिहास.’ तिनें वहींत लिहिलें : ‘तारीख’.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती स्थानकावर गेली व दोन तास बांकावर बसून राहिली. जेथें आमचा कागद लागावयाचा ती भिंत आणि उतारू जेथें उभे राहतात ती जागा, यांमधील अंतर तिनें पावलांनीं मोजलें. तें बावीस पावलें भरलें. भिंतीवर आधींच लागलेले कागद पाहिले. ते बहुतेक लाल-पिवळे होते. ‘तेथें आणखी एक लाल-पिवळा कागद लावला तर तो कोणाला दिसायचाच नाहीं,’ असें ती म्हणाली. इतकें झालें तरी पेन्सिल अद्याप पिशवींतच होती. चित्रकारास स्फूर्ति होते आणि तो एकदम कागदावर झेप घेतो, अशी माझी समजूत होती; ती त्या बांकावर संपली.

पुस्तकाचें काम याहून निराळें. भित्तिपत्रकाला पाहणाराचे दोन-तीन क्षण मिळतात, आणि समारंभ उरकला कीं त्याची रद्दी होते. मुखपृष्ठ हातांत येतें, उशाशीं पडून राहतें, वीस वीस वर्षें कपाटांत उभें असतें. मुख्य म्हणजे तें दोनदां पाहिलें जातें : एकदां पुस्तक वाचण्यापूर्वीं आणि एकदां वाचून संपल्यावर. पहिल्या वेळीं त्यानें कुतूहल उत्पन्न करावें व दुसऱ्या वेळीं तें खरें ठरावें. म्हणून मुखपृष्ठ करणाराचें पहिलें काम पुस्तक वाचण्याचें. हें सांगावयास नको, असें आपणांस वाटेल; परंतु कादंबरीचा सारांश चार ओळींत मागवून घेऊन त्यावर रंगविलेलीं मुखपृष्ठें आपण सर्वांनींच पाहिलीं आहेत. नायिका पुस्तकांत सांवळी आणि वेष्टनावर गोरी, हा चमत्कार माझ्याहि पाहण्यांत आहे.

स्मरणिकेच्या कामासाठीं मी तिच्या मुंबईच्या खोलीवर गेलों तेव्हां टेबलावर सत्यजित राय यांनीं केलेल्या मुखपृष्ठांच्या प्रतिकृति मांडलेल्या होत्या. राय यांचें नांव आपण चित्रपटांमुळें जाणतों. परंतु ‘पथेर पांचाली’ १९५५ सालीं पडद्यावर येण्यापूर्वीं बारा वर्षें हे गृहस्थ कलकत्त्यास याच धंद्यांत होते. त्यांच्या कामांत विचाराची वाट इतकी स्पष्ट दिसते कीं, मजसारख्या अनभिज्ञासहि ती धरतां येते. म्हणून त्यांच्याविषयीं थोडें सविस्तर सांगतों.

छपाई त्यांच्या घरांतच होती. आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे मुलांसाठीं लिहिणारे नामांकित लेखक. छायाचित्रें छापण्यास जे हाफटोन ठसे लागत त्यांच्या विद्येंत त्यांनीं स्वतः संशोधन केलें होतें. वडील सुकुमार राय विलायतेस जाऊन छपाईचेंच शिक्षण घेऊन आले. सत्यजित यांचा जन्म १९२१ सालचा. ते अगदीं लहान असतांना वडील गेले, आणि पुढें छापखानाहि गेला. १९४० सालीं ते शांतिनिकेतनांत नंदलाल बसू यांच्यापाशीं चित्रकला शिकावयास गेले. त्याच विद्यार्थिदशेंत ते आपल्याकडील अजिंठा, वेरूळ व घारापुरी येथील लेणीं पाहून गेले. १९४३ सालीं इंग्रजांच्या एका जाहिरात-कंपनींत दरमहा ८० रुपयांवर नोकरी धरली, आणि त्याच सुमारास निघालेल्या सिग्नेट प्रेस या प्रकाशनसंस्थेचीं पुस्तकें सजविण्याचें काम त्यांच्याकडे आलें.

जिम कॉर्बेट यांच्या कुमाऊंमधील नरभक्षक वाघांच्या पुस्तकाचें बंगाली भाषांतर सिग्नेटनें काढलें. दुसरा कोणी असता तर त्यानें जबडा वासलेला वाघ, बंदूक रोखलेला साहेब आणि मागें रान, असें चित्र काढलें असतें. राय यांनीं वाघ काढलाच नाहीं. त्यांनीं पुढचें व मागचें पृष्ठ मिळून वाघाचें पट्ट्यापट्ट्यांचें कातडें केलें. पुढच्या बाजूस त्या कातड्यांत गोळी शिरल्याचें भोंक, आणि त्या भोंकाच्या जागेंत पुस्तकाचें नांव. पुस्तक उलटें करून पाहावें तों मागच्या बाजूस गोळी बाहेर पडल्याचें भोंक, पुढच्याहून मोठें. त्यांत पुस्तकाची माहिती. गोळी शिरतांना लहान छिद्र पाडते व बाहेर पडतांना मोठी जखम करते, हें शिकाऱ्यास ठाऊक असतें. मुखपृष्ठ करणारानेंहि तें ध्यानांत ठेविलें. मला यांत विशेष वाटलें तें असें, कीं गोळी पुस्तकाच्या आरपार गेली आहे. ज्या वाटेनें ती गेली त्याच वाटेनें, पानापानांतून, वाचकास जावयाचें आहे. वाघाचें चित्र कितीहि भयंकर काढलें असतें तरी एवढें साधलें नसतें.

दुसरें उदाहरण अचिंत्यकुमार सेनगुप्त यांनीं लिहिलेल्या रामकृष्ण परमहंसांच्या चरित्राचें. चरित्र म्हटलें कीं वर चेहरा, ही ठरलेली रीत. राय यांनीं नामावलीचा घाट घेतला. नामावली म्हणजे देवाचीं नांवें छापलेलें, अंगावर घेण्याचें वस्त्र. आपल्याकडील रामनामी उपरण्यासारखें. त्या वस्त्रावरील अक्षरांसारखीं अक्षरें, एवढीच सजावट. बंगाली गृहस्थानें तें पुस्तक हातीं घेतलें कीं, आंत कोणत्या वातावरणांत आपण जाणार हें त्यास न वाचतां कळे. पुढें १९६१ सालीं निघालेल्या ‘एक्षण’ या वाङ्मयीन नियतकालिकासाठीं तर राय यांनीं बहुतेक सर्व काम नांवाच्या तीन अक्षरांवरच भागविलें. अक्षरें तींच, मांडणी दर खेपेस निराळी.

राय आपले आराखडे व चित्रपटांचीं टिपणें लाल कापडी बांधणीच्या जमाखर्ची वह्यांत करीत. आपला दुकानदार दिवाळींत जी चोपडी पूजतो त्याच जातीची वही. संवाद, कपड्यांचे नमुने, नांवाचीं अक्षरें निरनिराळ्या वळणांनीं घोटून पाहिलेलीं, सारें एकाच जागीं. आपल्या चित्रपटांचीं भित्तिपत्रकेंहि ते स्वतः करीत.

माझ्या विद्यार्थिनीची वही साधी, शंभर पानी होती. तिच्यांत तिनें स्मरणिकेच्या मुखपृष्ठाचे आराखडे काढले, प्रत्येक टपालाच्या तिकिटाएवढा. मीं विचारलें, ‘इतके लहान कां?’ तिचें उत्तर असें कीं, लहान आकारांत नक्षी करावयास जागाच नसते. कल्पना असेल तर दिसते, नसेल तर तेंहि दिसतें. शिवाय आज पुष्कळ लोक पुस्तक प्रथम पाहतात तें मोबाइलच्या पडद्यावर, आणि तेथें मुखपृष्ठ तिकिटाएवढेंच असतें. पहिले सहा-सात आराखडे मला फार आवडले : समई, उघडें पुस्तक, मोर, उगवता सूर्य. तिनें त्यांवर काट मारली. ‘हे आधीं काढून टाकावे लागतात, गुरुजी. ते बाहेर पडल्याशिवाय त्यांच्या मागचे येत नाहींत.’ मी मनांत चरकलों. निबंधाच्या तासाला ‘मनुष्य हा समाजप्रिय प्राणी आहे’ या वाक्यानें सुरुवात करणाऱ्या मुलांना मीं चांगले गुण देत आलों होतों.

आपल्याकडेहि या कलेची परंपरा मोठी आहे. आमच्या लहानपणीं मुखपृष्ठ म्हणजे दीनानाथ दलाल, असें समीकरणच होतें. गोव्यांत १९१६ सालीं जन्मलेल्या या चित्रकारानें १९४५ पासून ‘दीपावली’ काढली आणि १९७१ सालीं निधन होईपर्यंत मराठी पुस्तकांना किती चेहरे दिले याची गणती मजजवळ नाहीं. दलालांची वाट चित्राची, रेषेची व रंगाची. राय यांची पुष्कळदां अक्षराची व युक्तीची. मला दोन्ही प्रिय आहेत. परंतु दलालांचें अनुकरण करूं गेलेल्यांच्या हातीं नुसत्या भुवया व पदर राहिले, हेंहि खरें.

अक्षरांचा प्रश्न आपल्या लिपींत इंग्रजीपेक्षां अवघड आहे. रोमन अक्षरें सुटीं. त्यांच्यामध्यें हवें तेवढें अंतर सोडून नांव पानभर पसरतां येतें. देवनागरी शब्द शिरोरेषेला टांगलेला असतो. अक्षरें दूर सारलीं तर रेषा तुटते, नाहींतर उगाच लांबते. शिवाय वेलांट्या व मात्रा वर, उकार खालीं. दोन ओळी जवळ आणाव्या तर वरचा उकार खालच्या वेलांटीच्या डोक्यावर पाय देतो. म्हणून पुस्तकाचें नांव हातानें रेखण्याची पद्धति आपल्याकडे इतकीं वर्षें टिकली, आणि संगणकावर तयार वळणें हवीं तेवढीं मिळूं लागलीं तरी जाणता माणूस नांवापुरता अजून हात चालवितो. बंगाली लिपीलाहि अशीच वरची रेषा आहे. गंमत अशी कीं, तेथें तिलाच मात्रा म्हणतात.

रंगांविषयीं थोडक्यांत सांगतों. ठशांच्या काळीं प्रत्येक रंगास निराळा ठसा लागे आणि कागद तितक्या वेळां यंत्रांतून काढावा लागे. प्रकाशक दोन रंगांचे पैसे देई. मग चित्रकार कागदाचा पांढरा हा तिसरा धरी, आणि दोन शाया एकमेकींवर छापून चौथा मिळवी. आज निळा, किरमिजी, पिवळा व काळा या चार शायांच्या ठिपक्यांतून वाटेल तो रंग निघतो, आणि वाटेल तो निघतो म्हणून वाटेल तो वापरला जातो. पुस्तकाच्या पाठीचीहि एक गोष्ट आहे. कपाटांत ठेविलेल्या पुस्तकाची पाठच तेवढी दिसते. परंतु तिची रुंदी पृष्ठसंख्या व कागदाची जाडी ठरेपर्यंत ठाऊक नसते, त्यामुळें ती बिचारी शेवटीं घाईघाईनें उरकली जाते.

आतां भित्तिपत्रकाकडे वळतों. त्याच खोलींत भिंतीवर एका फ्रेंच भित्तिपत्रकाची प्रतिकृति टांगलेली होती. पॅरिसमधील मुलँ रूज या नृत्यगृहासाठीं तुलूज-लोत्रेक या चित्रकारानें तें १८९१ सालीं केलें. मूळ कागद सहा फुटांहून थोडा उंच, शिळेवर काढून छापलेला. मध्यभागीं एक नर्तकी. तिचा फुललेला घागरा म्हणजे कोरा कागद, तेथें शाई लावलेलीच नाहीं. पुढें एक उंच नर्तक, करड्या छायेसारखा. आणि मागें उंच टोप्या घातलेल्या प्रेक्षकांची रांग, सबंध काळी, कोणास नाक नाहीं कीं डोळा नाहीं. मीं विचारलें, ‘हे कोण?’ ती म्हणाली, ‘हे सगळे प्रतिष्ठित लोक, गुरुजी. चित्रकारानें सगळ्यांचा मिळून एक काळा डाग केला, म्हणून मधली बाई रस्त्याच्या पलीकडून दिसते.’ माझ्या पिशवींत चौदा नांवें होतीं. तिनें माझ्याकडे पाहिलें नाहीं, हा तिचा विनय.

आमच्या शाळेंत घंटेऐवजीं आगगाडीच्या रुळाचा एक हातभर तुकडा ओसरीवर टांगलेला आहे. शाळा भरल्याचा, सुटल्याचा, मधल्या सुटीचा टोल त्याच्यावरच पडतो. आमच्या गांवांत साठ वर्षांचा व सहा वर्षांचा माणूस ज्या एका आवाजाला सारखाच ओळखतो तो हा. तिनें भित्तिपत्रकावर तोच काढला. पांढरा कागद, दोरीला टांगलेला काळा रूळ, वर ‘शंभर वर्षें’ हे दोन शब्द, खालीं ठळक तारीख, तिच्याखालीं शाळेचें नांव. बाकी सारें कोरें. पाहतांक्षणीं माझ्या कानांत टोल वाजला, हें मी शपथेवर सांगतों. आणि तरीहि मी म्हणालों, ‘अग, हें फार रिकामें दिसतें.’

‘ती रिकामी जागा नाहीं, गुरुजी. टोलाला तेवढी लागते.’

समितीची सभा झाली. प्रत्येक सभासदाची मागणी एकेकच होती, आणि प्रत्येक मागणी रास्त होती. संस्थापकांचा विसर पडूं नये. इमारत देणगींतून उभी राहिली, ती दिसावी. पाहुण्यांचीं नांवें घातलीं नाहींत तर पाहुणे रुसतील. देणगी पाठविण्याची मुदत कळवावी. सरस्वतीच्या बाजूनें मीहि हात वर केला. ती मुंबईस परत गेलेली, म्हणून छापखान्यांतील मुलाकडूनच हें सारें त्या कागदावर बसवून घेतलें. रूळ अंगठ्याएवढा होऊन कोपऱ्यांत गेला, आणि तारीख चौदा नांवांच्या खालीं. तिला प्रत पाठविली तेव्हां उत्तर एकाच ओळीचें आलें : कागदावर माझें नांव घालूं नये.

समारंभ रविवारीं थाटांत पार पडला. सोमवारीं सकाळीं मांडव उतरत असतांना ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ काठी टेकीत फाटकांतून आंत आले. शाळेचे जुने विद्यार्थी. तीन तासांचा प्रवास करून आले होते. एकदां कामानिमित्त येऊन गेले तेव्हां स्थानकावर त्यांनीं आमचा कागद पाहिला होता. बावीस पावलांवरून जेवढें वाचतां आलें तेवढें वाचलें, आणि घरीं गेले ते अगदीं तळाची तारीख मनांत धरून. ती देणगीच्या मुदतीची होती. त्यांना हें सांगण्याचें काम मीं दुसऱ्या कोणावर टाकलें नाहीं.

ते रागावले नाहींत. ‘रूळ आहे का अजून?’ एवढेंच त्यांनीं विचारलें. मीं त्यांना ओसरीवर नेलें. त्यांनीं काठीनें एकदां वाजवून पाहिला. मांडव सोडणारे गडी वर पाहूं लागले. निघतांना मीं त्यांस स्मरणिकेची प्रत दिली. तिच्या मुखपृष्ठावर समितीचा हात पडला नव्हता, कारण तोंपर्यंत सगळे थकले होते. पुढें टांगलेला रूळ व त्यावर उगारलेला हातोडा, मागें तोच हातोडा रुळाला टेकलेला. शंभर वर्षें मधल्या पानांत. म्हाताऱ्यानें पुस्तक पुढून पाहिलें, उलटें केलें, पुन्हां पुढून पाहिलें आणि काखेंत धरलें.

दोन वर्षांनीं माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला, तेव्हां मीं तिला पत्र लिहिलें. शब्द फारसे नव्हते. चूक झाली एवढें लिहिलें. आठवड्यांत भित्तिपत्रक आलें. मीं शब्द मोजले, तारीख धरून ते नऊ भरले. सभेंत तें मांडतांच एका सभासदांनीं चष्मा वर करून विचारलें, ‘सरस्वती कोठें आहे?’ मीं उत्तर दिलें नाहीं. कागद गुंडाळून घेतला, त्यांना बरोबर घेऊन एस. टी. च्या स्थानकावर गेलों, कागद भिंतीवर चिकटविला, आणि दोघेहि बावीस पावलें मागें येऊन उभे राहिलों.